सोमवारी रंग उतरला नाही

हे मी सूडापोटी लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. आजारातून उठलेली माणसं फार गोड लिहितात. देवाची कृपा, डॉक्टरांचा हातगुण, घरच्यांची सेवा. माझ्या वाट्यालाही ते सगळं आलं आणि जिथलं तिथे मी ते सांगेनच. पण मला अंथरुणातून उठवलं ते रागाने. एक राग माझ्या डाव्या मूत्रपिंडात वाढलेल्या गाठीवर आणि दुसरा माझ्या बायकोच्या सख्ख्या भावावर. ज्यांना आज असा आजार झाला आहे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ज्यांना मन शांत ठेवायला सांगतो आहे, त्यांच्यासाठी हे आहे. नाही ठेवलं शांत, तरी चालतं.

पावडरीचा रंग

एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी मी जबलपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात होतो. तोफगोळ्यांच्या रिकाम्या कवचांत स्फोटक भरायचं, हे आमच्या सेक्शनचं काम. ती पिवळी पावडर अंगावर बसायची. तळहात, नखं, कानामागची कातडी, सगळं हळद लागलेल्या नवरदेवासारखं. माझी बायको विमल माझा बनियन भिजवायची तेव्हा बादलीतलं पाणी पिवळं व्हायचं. पावडर श्वासावाटे पोटातही जायची आणि मग लघवीला तांबूस रंग यायचा. नवा माणूस तो रंग पहिल्यांदा बघून पांढराफटक पडून सेक्शनमध्ये यायचा, आणि जुने लोक हसायचे. "आज से तुम पक्के हुए," म्हणत त्याच्या हातावर आपल्या वाट्याचा गूळ ठेवायचे. आम्हाला रोज गूळ मिळायचा, छाती साफ राहते म्हणून.

पण ही माणसं बेफिकीर नव्हती, त्यांची एक रीत होती. रविवारी सुट्टी असायची. दिवसभर पावडरीचा संबंध नाही, त्यामुळे सोमवारी सकाळी रंग उतरलेला असायचा. सोमवारी गेटवर झडती देऊन आत गेलं की एकमेकांना पहिला प्रश्न हाच: "उतरा?" "उतरा." ज्याचा उतरला नाही त्याने तसाच दवाखाना गाठायचा. इतकी सोपी तपासणी, तिला ना डॉक्टर लागत होता ना सुई. फक्त रविवार लागत होता.

लढाई जवळ आली आणि आमचे रविवार बंद झाले. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, माझीही नव्हती. गोळे सीमेवर जात होते, आणि कमी पडले असते तर तिकडची माणसं मेली असती. रंग आता सगळ्यांचाच कायमचा झाला होता आणि सोमवारचा प्रश्न विचारायचं लोकांनी सोडून दिलं.

एक सुट्टी

वामनराव विमलचे थोरले भाऊ, आणि आमच्या सेक्शनचे चार्जमन, म्हणजे आमच्यावरचे साहेब. विमलचे वडील लवकर गेले, तेव्हा लग्नात कन्यादान त्यांनीच केलं. मला नोकरीला लावणारेही तेच. घरी ते मला जावईबापू म्हणायचे आणि शेडमध्ये बोरकर. मीही घरी दादा म्हणायचो आणि तिथे साहेब. दिवाळीला त्यांच्या शेजारी पाटावर बसायचो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा राहायचो. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

थंडी सुरू होता होता माझा रंग गडद झाला. इतरांचा तांबूस, माझा रक्तासारखा. मधूनच बारीक धाग्यासारखं काही पडायचं. डाव्या कुशीत ठणका लागला होता. मी शेडच्या दाराशी वामनरावांना गाठलं.

"साहेब, मला एक दिवसाची सुट्टी पाहिजे."

"काहून?"

"रंग फार गडद येऊन राहिला आहे. एक दिवस घरी बसून बघतो, उतरतो का."

"बोरकर, सगळ्यांचाच येऊन राहिला आहे. लोक दिवसरात्र पावडरीत उभे आहेत. तुम्हाला सुट्टी दिली तर उद्या अख्खी लाइन माझ्यासमोर उभी राहील. म्हणतील, जावई आहे म्हणून दिली."

"दादा, कुशीत दुखते हो."

"इथे दादा नको," ते म्हणाले. "चलो, कामाला लागा."

मी कामाला लागलो. वामनराव वाईट माणूस असता तर हे सगळं सोपं झालं असतं. तो कर्तव्यदक्ष माणूस होता. दुसऱ्या कुणी मागितली असती तर कदाचित दिलीही असती. मला दिली नाही, कारण मी त्यांचा होतो. त्यांना आपलं नाव स्वच्छ ठेवायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी माझं मूत्रपिंड वापरलं. हे वाक्य मी त्यांना पुढे अनेकदा, चारचौघांत, ऐकवलं आहे.

उतरला नाही

लढाई संपली. बड़ा फुहारा चौकात लोकांनी पेढे वाटले, खिडक्यांच्या काचांवरचे ब्लॅकआउटचे काळे कागद निघाले आणि आम्हाला पुन्हा रविवारची सुट्टी मिळाली. मी घरी बसून राहिलो आणि प्रत्येक वेळी बघत राहिलो. नखं अजून पिवळी असली तरी पोटातली पावडर निघून जायला हवी होती, पण लाल रंग तसाच होता. शेवटी सोमवारी पहाटे एक गुठळी पडली, शेंगदाण्याएवढी.

गेटच्या आत रामसजीवन भेटला. तो माझ्या शेजारी उभा राहून गोळे भरायचा. त्याने कितीतरी दिवसांनी विचारलं, "उतरा, भैया?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि मला गेटबाहेर नेऊन सायकलरिक्षात बसवलं.

चोरून घेतलेले नळ

मोठ्या सरकारी इस्पितळात शिरेत औषध सोडून माझे एक्स-रे काढले. सर्जन नागपूरकडचे होते. विमलला बाहेर न पाठवता ते मराठीत म्हणाले, "गाठ आहे. कॅन्सरची आहे. मूत्रपिंडासकट काढावी लागेल."

विमलने विचारलं, "पावडरीने झाली का जी?"

"ते मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "थोडं आधी आले असते तर..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. डॉक्टरांनो, हात जोडून सांगतो, असं वाक्य सुरू करू नका, आणि केलंच तर पुरं करा. ते अर्धं वाक्य मी पुढे कित्येक महिने स्वतःच पुरं करत होतो, आणि दर वेळी ते वामनरावांवरच जाऊन संपायचं.

एवढं लाल काहून, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कुठलीही गाठ आधी मोहरीएवढी असते. आसपासच्या रक्तवाहिन्यांतून जे झिरपेल त्यावर भागवते. पण तेवढ्यावर मोठं होता येत नाही. मग ती स्वतःकडे नव्या शिरा ओढून घेते. मेन लाइनवरून कुणी चोरून नळ घ्यावा, तशी. तुमच्या गाठीने फार नळ घेतले आहेत. कच्चे आहेत, ते फुटतात."

"आणि हे नळ टाकून कोण देते?"

"तुमचंच शरीर."

"त्याला कळत नाही का, कुणाला देऊन राहिलो आहे ते?"

"नाही कळत," ते म्हणाले. "ती त्या शिरा कशा ओढून घेते ते आम्हालाही अजून नीट ठाऊक नाही."

घरी येताना रिक्षात विमल रडत होती आणि मी संतापलो होतो. मी तिकडे गोळे भरत होतो आणि ही गाठ, ही भवानी, इकडे माझ्या रक्तावर संसार मांडून बसली होती. त्या दिवसापासून मी गाठीला भवानीच म्हणू लागलो. मला भीती वाटत नव्हती असं नाही. भीती इतकी होती की न्हाणीघरात नळ सोडून मी तोंडात टॉवेल कोंबून रडायचो. पण रडून झालं की भीती जरा बसायची, राग मात्र उभाच असायचा, आणि उभं राहायला मला त्याचाच आधार होता.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, "पोट उघडल्यावर सगळ्यात आधी काय करणार?"

"तिला रक्त देणारी मोठी धमनी बांधणार. मग बाकीचं."

"आधी बांधा," मी म्हटलं. "आणि जरा थांबा. उपाशी राहणं म्हणजे काय ते तिला कळू द्या."

डॉक्टर हसले, म्हणाले तसं थांबता येत नसतं. पण त्या एका गोष्टीवर मी ऑपरेशनपर्यंतचे दिवस काढले. कॉटवर पडल्या पडल्या मी मनात ती धमनी बांधणारा दोरा आवळत असायचो.

वॉर्ड

इस्पितळात माणूस लवकर इस्पितळाचा होतो. सकाळी थर्मामीटर, मग ॲल्युमिनियमच्या किटलीतला चहा, मग झाडूवाला, मग मोठ्या डॉक्टरांचा राउंड. राउंडच्या आधी सगळा वॉर्ड शाळेसारखा गप्प. चांगल्या गोष्टीही होत्या. खिडकीतून दुपारी ऊन थेट माझ्या पायांवर यायचं. शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ रोज न चुकता आपल्या सुनेची नक्कल करायचे, आणि सून डबा घेऊन आली की तिच्याशी इतकं गोड बोलायचे की मला हसू आवरत नसे. आणि माझी नखं. पावडर सुटल्यापासून मुळाशी नवं गुलाबी नख येत होतं. विमल रोज माझा हात हातात घेऊन ते बघायची.

वामनराव भेटीच्या वेळी येऊन पायाशी उभे राहायचे. मी भिंतीकडे तोंड करायचो. विमल मध्ये बसलेली असायची, एका बाजूला भावाकडे बघत नाही, दुसऱ्या बाजूला माझ्याकडे बघत नाही. घरात आजार आला की सगळे आजाऱ्याला विचारतात. असं मध्ये बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही.

कुणाचं रक्त

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं की अशी गाठ उघडली की फार वाहते, रक्ताच्या बाटल्या तयार असल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. विमलचा गट जुळला नाही. मग रामसजीवनने सेक्शनमधली माणसं आणली. सगळे पिवळे हात बाह्या वर करून रांगेत उभे राहिले. तपासणाऱ्याने एकेकाचं बोट टोचलं आणि एकेकाला परत पाठवलं. पावडरीने त्यांचं रक्त फिकं पडलं होतं. त्यांचं त्यांनाच पुरत नव्हतं, मला कुठून देणार?

रांगेत शेवटी वामनराव होते. ते शेडच्या दाराशी उभे राहणारे, पावडरीत हात घालणारे नव्हेत. त्यांचं रक्त लालबुंद होतं, आणि माझ्याशी जुळलं.

"मला त्यांचं नको," मी विमलला म्हटलं.

"काहून?"

"काहून ते तुला माहीत आहे. दुसरं कुणी बघ. नाहीतर नको ऑपरेशन."

विमल माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. तेव्हाही तिने आवाज चढवला नाही. कॉटच्या कडेला बसून ती म्हणाली, "तुम्हाला दादावर सूड घ्यायचा आहे ना? मेल्यावर कसा घ्याल? तो हात पुढे करून झोपायला तयार आहे. काढून घ्या जेवढं निघते तेवढं. मी बघते बाजूला उभी राहून."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आपल्या भावाबद्दल ती हे बोलत होती. मी म्हटलं, बरं. वामनरावांनी इस्पितळ देईल तेवढं दिलं, आणि उठताना त्यांना चक्कर आली, असं नंतर कळलं. मला ते ऐकून बरं वाटलं.

दोन प्रकारचं लाल

शुद्धीवर आल्यावर मी गाठ बघायला मागितली. डॉक्टर नाही म्हणत होते, पण मी पिच्छा सोडला नाही. काही दिवसांनी त्यांनी मला आपल्या खोलीत नेऊन काचेची बरणी दाखवली. मी ठरवून गेलो होतो की हिच्यावर थुंकायचं. ती एखाद्या संत्र्याएवढी होती, आणि तिच्यावरून वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या शिरा गेल्या होत्या. त्या माझ्या होत्या. माझ्याच शरीराने, मी गोळे भरत असताना, मला न विचारता, एकेक करून तिला त्या पुरवल्या होत्या. मी थुंकलो नाही. तोंडच कोरडं पडलं होतं. "बस आता उपाशी," एवढं म्हणालो आणि परत आलो.

मग टाके पिकले आणि जखम उघडली. रोज ड्रेसिंग. केरळची एक सिस्टर ते करायची, हात हलका, जीभ तिखट. एका सकाळी तिने पट्टी उचलली आणि मला जखमेच्या तळाशी लाल दाणे दिसले, डाळिंबासारखे. कापूस लागताच त्यांतून रक्त आलं.

"परत आली," मी ओरडलो. "सिस्टर, वो वापस आ गई."

"कौन वापस आ गई? चुप लेटो," सिस्टर म्हणाली. "ये नया खून का नली है. ये आएगा तभी जखम भरेगा. इसको लाल ही होना चाहिए. सफेद दिखेगा तब डरना."

मी पडून विचार करत राहिलो. म्हणजे तेच नळ. जे शत्रूला दिले, तेच आता शरीर जखमेला देत होतं, तितकंच मन लावून. त्याला चांगलं-वाईट काही ठाऊक नव्हतं. कुणी ओढलं की द्यायचं, एवढंच ठाऊक. मला माझ्या शरीराचाही राग आला, आणि रागावूनही मी त्याला अंडी खाऊ घातली, कारण जखम भरायची होती. आता ऐकतो की असे नळ तोडणारी औषधं निघाली आहेत, गाठीला उपाशी मारणारी, आणि ती घेताना जखमा लवकर भरत नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही. ती औषधं घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: दोरा आवळला जातो आहे असं मनात म्हणत जा. मला त्याचा फायदा झाला.

हिशेब चुकता न करता

घरी परतल्यावर वामनराव एकदा आले. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "जावईबापू, माझं चुकलं."

"मला सुट्टी पाहिजे होती," मी म्हटलं. "माफी नको."

मी सेक्शन बदलून घेतलं. त्यानंतर वामनराव माझ्या घराची पायरी चढले नाहीत, मी चढू दिली नाही. त्यांच्या घरी मी पाणी प्यालो नाही. लग्नाकार्यात नवे पाहुणे विचारायचे, तुमचं काहून बिनसलं हो, आणि मी त्यांना सगळं सांगायचो, वामनरावांना ऐकू जाईल अशा आवाजात. ते मान खाली घालून ऐकायचे. भाऊबीजेला विमल एकटी ओवाळायला जायची. निवृत्त होऊन ते जबलपूरजवळच्या पाटनला घर बांधून राहिले, तेव्हा बसने जायची. मी थकत चाललो होतो, राग थकत नव्हता. दर तपासणीला डॉक्टर म्हणायचे सगळं ठीक आहे, आणि मला वाटायचं, चला, अजून एक वर्ष त्यांना ऐकवता येईल.

वामनराव माझ्या आधी गेले. तेरवीला मी पाटनला गेलो, ते विमलसाठी. अंगणात कारखान्यातली बरीच जुनी माणसं बसली होती. रामसजीवनही होता, आता काठी घेऊन. तो माझ्याजवळ येऊन बसला.

"साहब आपके बाद बदल गए थे, भैया," तो म्हणाला. "कोई आकर कहे कि रंग गाढ़ा है, तो उसी वक्त घर भेज देते थे. ऊपर से डाँट खाते थे, प्रमोशन रुक गया, फिर भी भेजते थे. वो जो खंभे के पास बैठा है, उसकी गाँठ ऐसे ही पकड़ में आई. छोटी थी तभी निकल गई. और भी हैं."

खांबाजवळ एक धडधाकट माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर नात होती आणि ती त्याच्या मिशा ओढत होती.

रामसजीवनला वाटलं होतं हे ऐकून माझं मन निवेल. माझा राग त्या क्षणी दुप्पट झाला. म्हणजे सुट्टी देता येत होती. नुसती देता येत होती असं नाही, वरच्यांची बोलणी खाऊनही देता येत होती. त्या माणसाला मिळाली, कारण मला मिळाली नव्हती. वामनरावांना हे शिकायला माझं मूत्रपिंड लागलं. आणि हे तोंडावर म्हणायला आता समोर कुणी नव्हतं, फोटोला हार घातलेला होता.

विमल मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही त्याचं नाव काढू दिलं असतं तर सांगितलं असतं." मग ती म्हणाली, "आता तरी सोडून द्याल?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं. नका सोडू." तिने माझा दंड धरला. "पण मला जरा मागच्या अंगणात न्या. मला दादासाठी रडायचं आहे. इतके दिवस झाले, तुमच्यासमोर रडता येऊन नाही राहिलं."

मी तिला मागे नेलं. धुण्याच्या दगडावर बसून ती रडली, आवाज करून, भावाचं नाव घेऊन, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. माफ मी केलं नाही. पण अंधार पडत आला, जबलपूरची शेवटची बस गेल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं, तरी मी तिला चल म्हटलं नाही.